सोन्याच्या कणांनी कॅन्सर टिपायचा म्हणतायत, पण 'जादूच्या गोळी'ची आयडिया या रंगवेड्या डॉक्टरची

कॅन्सरच्या बातम्यांमध्ये हल्ली सोन्याचे नॅनोकण सारखे दिसतात. दागिन्यातलं सोनं नाही, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण. त्यावर पेप्टाइडचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा थर चढवायचा. ही साखळी कॅन्सरच्या पेशीवर जास्त संख्येने असणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. मग बाहेरून लेझर टाकला की कण तापतो आणि पेशी भाजून निघते. हे काम अजून बरंचसं लॅबमध्येच आहे.

पण पकडणारा भाग वेगळा आणि मारणारा भाग वेगळा, हे डोकं शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाने चालवलं होतं. पॉल एर्लिख.

जन्म १४ मार्च १८५४, प्रशियातल्या स्ट्रेलेन गावी, ज्यू कुटुंबात. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या माहेरचा कार्ल वायगर्ट कापडाचे नवे रंग वापरून पेशी रंगवायचा. ते बघून पॉललाही रंगांचं वेड लागलं आणि ते आयुष्यभर सुटलं नाही.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मिथिलीन ब्लू जिवंत प्राण्याला टोचलं तर मज्जातंतू निळे होतात, शेजारच्या पेशी मात्र तशाच राहतात. म्हणजे रंग आपलं गिऱ्हाईक ओळखतो. मग रंगाऐवजी विष पाठवलं तर? रोगजंतू मरेल, माणूस वाचेल. याला त्यांनी जादूची गोळी म्हटलं. आपल्याकडे बंदुकीचीही गोळी आणि औषधाचीही गोळीच, त्यामुळे मराठी माणसाला ही कल्पना समजवावी लागत नाही.

क्षयाचे जंतू रंगवण्याची पद्धत त्यांनी सुधारली होती. पुढे त्यांना स्वतःच्याच थुंकीत तेच जंतू सापडले. कोरड्या हवेसाठी ते इजिप्तला गेले, बरे होऊन परतले. १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. दुसरा कोणी इथे थांबला असता.

त्या काळी सिफिलिस, म्हणजे गरमी, घरंच्या घरं बरबाद करायची. उपचार काय तर पारा, आणि त्याने माणूस आणखी खंगायचा. बँकर गेओर्ग श्पायर यांच्या विधवेने दिलेल्या पैशातून फ्रँकफर्टला उभ्या राहिलेल्या संस्थेत एर्लिख आर्सेनिकची संयुगं बनवून घेत, त्यांना नंबर देत आणि एकेक तपासत. ६०६ नंबरचं संयुग आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते सिफिलिस झालेल्या सशांवर पुन्हा तपासलं आणि ससे बरे झाले!

१९१० मध्ये ते साल्वर्सन नावाने बाजारात आलं. खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. पावडरला हवा लागली की विषारी व्हायची, म्हणून ती बंद काचेच्या कुपीत यायची. नीट विरघळवून टोचावी लागायची, आणि चूक झाली तर रुग्णाचे हाल. काही रुग्ण दगावले. वासमान नावाच्या पत्रकाराने आरोपांची राळ उडवली. प्रकरण १९१४ मध्ये कोर्टात गेलं, एर्लिख साक्षीला उभे राहिले आणि वासमानला तुरुंगवास झाला. पण या सगळ्यात तब्येत खचली होती. त्यात दिवसभर सिगार. २० ऑगस्ट १९१५ रोजी, ६१ व्या वर्षी ते गेले.

खरं सांगायचं तर ६०६ ही जादूची गोळी नव्हतीच. नेम बरा होता, पण माणसालाही लागायची. कॅन्सरवरही त्यांनी उंदरांमध्ये गाठी रुजवून वर्षानुवर्षं प्रयोग केले, औषध काही हाती आलं नाही. तिथे अडचण वेगळी आहे. जंतू परका असतो, कॅन्सरची पेशी आपलीच असते. म्हणूनच आज तिच्यावर जास्त दिसणारा रिसेप्टर हुडकून पेप्टाइड बनवावं लागतं, आणि तो रिसेप्टर थोड्याफार प्रमाणात निरोगी पेशीवरही असला की नेम पुन्हा चुकतो.

फ्रँकफर्टमध्ये एर्लिख यांच्या नावाचा रस्ता होता. नाझींनी ज्यू म्हणून ती पाटी उतरवली, त्यांच्या पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर पाटी परत लागली. आणि युरो येण्याआधी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता.