जुगाराचे गणित मांडणारा वैद्य

इटलीतील पाविया येथे १५०१ मध्ये जन्मलेले जिरोलामो कार्दानो नामांकित वैद्य आणि गणितज्ञ होते. तरुणपणी मात्र फासे आणि पत्त्यांच्या नादात त्यांनी पत्नीचे दागिनेही गहाण टाकले. पोकरचा पूर्वज मानला जाणारा ‘प्रिमेरो’ही ते खेळत. या अनुभवातून त्यांनी जुगारावर पुस्तक लिहिले. त्यात फाशांच्या शक्यता मोजल्या. समोरचा खेळाडू पारखून घ्यावा, हरताना राग आवरावा, असे सांगितले. खरा फायदा मुळात न खेळण्यातच आहे, हेही बजावले. १५७६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक १६६३ मध्ये छापले गेले. एवढे कळूनही ते स्वतः वर्षानुवर्षे जवळजवळ रोज खेळत राहिले. डावाचे गणित जमले, तरी डावावरून उठणे सोपे नसते.