गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ (जन्म : सुमारे इ.स. १५०७, नांदगाव) हे सोळाव्या शतकातील गणिती व ज्योतिर्विद होते. पंचांगकर्त्यांमध्ये ते ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथामुळे प्रसिद्ध आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेमुळे गणितातील उपपत्तीच्या, म्हणजेच सिद्धतेच्या, इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

जीवन

गणेश यांचे वडील केशव दैवज्ञ हे ‘ग्रहकौतुक’ या ग्रंथाचे कर्ते. आईचे नाव लक्ष्मी. त्यांचे नंदिग्राम हे गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे नांदगाव होय. केशव हे कुशल वेधकार होते. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने आकाशातील प्रत्यक्ष स्थानांशी जुळत नाहीत, हे त्यांना वेधांवरून आढळले होते.

ग्रहलाघव

हीच चूक दूर करण्यासाठी गणेश यांनी ‘ग्रहलाघव’ रचला. त्याचा आरंभकाळ शके १४४२ (इ.स. १५२०) आहे. सौर, आर्य व ब्राह्म या पक्षांपैकी ज्या पक्षाचा जो ग्रह वेधाशी जुळला, तो त्यांनी स्वीकारला. जेथे जुळले नाही तेथे संस्कार दिला. उदाहरणार्थ, आर्यपक्षाच्या शनीत ५ अंश मिळवले. ११ वर्षांचे चक्र योजून आणि ज्या-चापांचे गणित पूर्णपणे टाळून त्यांनी आकडेमोड सोपी केली.

बुद्धिविलासिनी

‘लीलावती’त नियम व उदाहरणे आहेत, नियम खरे का, याचे विवेचन बहुधा नाही. ही उणीव गणेश यांनी १५४५ मध्ये भरून काढली. उपपत्तीवाचून गणितातील विधान निःसंदेह ठरत नाही आणि गणकालाही विद्वत्सभेत मान मिळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. वर्तुळाच्या दोन्ही अर्धांचे समान त्रिज्यखंड करून ते उलगडावेत व दातांसारखे एकमेकांत बसवावेत; म्हणजे अर्धा परीघ लांबी व त्रिज्या रुंदी असलेला आयत मिळतो, अशी क्षेत्रफळाची उपपत्ती त्यांनी दिली. परीघ व व्यास यांचे ३९२७ : १२५० हे सूक्ष्म गुणोत्तर वर्तुळातील बहुभुजाच्या बाजू १२ पासून ३८४ पर्यंत दुप्पट करत गेल्यास मिळते, असे त्यांनी स्पष्ट केले.

वारसा

‘ग्रहलाघवा’त मात्र गणेश यांनी स्वतः उपपत्ती दिल्या नाहीत. पुढे मल्लारी दैवज्ञांनी आपल्या टीकेत त्या दिल्या, तर विश्वनाथ दैवज्ञांनी उदाहरणे सोडवून दाखवली. ‘बुद्धिविलासिनी’सह ‘लीलावती’ दत्तात्रेय विष्णु आपटे यांनी संपादित केली व १९३७ मध्ये ती पुण्याच्या आनंदाश्रमाने प्रसिद्ध केली.