एका शब्दासाठी पाच वनवास

इ.स. ३३५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईन आपल्या नव्या राजधानीत घोड्यावरून शिरत होता. कॉन्स्टन्टिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. भर रस्त्यात एक ठेंगणा माणूस काही सोबत्यांसह त्याला आडवा आला. सम्राटाने त्याला ओळखले नाही. बरोबरच्या लोकांनी नाव सांगितले तेव्हा त्याने बोलायलाच नकार दिला आणि त्याला बाजूला करण्याचा हुकूम तो सोडणारच होता. पण तो माणूस जागचा हलेना. आपल्याला दोषी ठरवणाऱ्यांना सम्राटाने बोलावून घ्यावे आणि समोरासमोर काय ते होऊन जाऊ द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. ही हकीकत खुद्द सम्राटाच्या पत्रातून आपल्याला कळते. तो माणूस होता अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस.

येशू ख्रिस्त हा केवळ प्रेषित किंवा थोर गुरू नव्हे, तर साक्षात देव आहे, या ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगायचा तर या हट्टी माणसाचे चरित्र टाळता येत नाही. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची सभा भरली, मतदान झाले आणि तोवर माणूस असलेला येशू त्या दिवसापासून देव झाला, असा एक समज २००३ साली आलेल्या एका गाजलेल्या इंग्रजी रहस्यकादंबरीने जगभर पसरवला. कादंबरीकाराने थोडे स्वातंत्र्य घ्यावे, हे मी तरी नाकारणार नाही. पण इथे घटनांचा क्रमच उलटा झाला आहे.

उपासना आधी आली, शब्द मागाहून आले. येशूनंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी संत पॉलने लिहिलेली पत्रे हे ख्रिस्ती धर्माचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखन. त्यांतील एका ग्रीक पत्राच्या शेवटी, प्रभूला येण्याची विनवणी करणारी एक हाक मूळ अरामी भाषेतच तशीच ठेवलेली आढळते. अरामी ही येशूच्या पहिल्या शिष्यांची बोली. म्हणजे एकाच देवाला भजणाऱ्या कडव्या यहुदी मंडळींमध्येच येशूला हाक मारून प्रार्थना करण्याची चाल पडली होती. पुढे इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहून कळवले, की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे म्हणतात. २००५ साली इस्रायलमधील मगिद्दो येथे तुरुंगाच्या वाढीव बांधकामासाठी खणताना प्रार्थनागृहाची एक नक्षीदार फरशी सापडली. उत्खनन करणारे ती इ.स. २३० च्या आसपासची मानतात. आकेप्तूस नावाच्या बाईने देव येशू ख्रिस्ताला एक मेज अर्पण केल्याची नोंद तीत आहे. नायसियाच्या सभेला तेव्हा अजून जवळजवळ शंभर वर्षे होती.

मग वाद कशाचा होता? अवताराची कल्पना अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्यांना प्रथम हे कोडेच वाटते. देव माणसाच्या पोटी जन्माला आला यात भांडण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणू. पण त्या लोकांच्या एका हाताशी यहुदी धर्माचा वारसा होता: देव एकच. दुसऱ्या हाताशी ग्रीक तत्त्वज्ञान होते: ईश्वर अविकारी, त्याला भूक नाही, अश्रू नाहीत, मरण तर नाहीच नाही. आणि ज्याची ते रोज पहाटे स्तोत्रे म्हणत होते तो तर रडला होता, त्याला तहान लागली होती आणि तो वधस्तंभावर मेला होता. या तीन गोष्टी एका ठिकाणी बसवायच्या कशा, याचे समाधानकारक उत्तर तीनशे वर्षे कोणी दिले नव्हते.

उत्तर देण्याचा एक सरळ प्रयत्न एरियसने केला. हा लिबियाकडचा, वयाने प्रौढ, अंगाने उंच, वृत्तीने विरक्त असा धर्मगुरू. अलेक्झांड्रियातील एका चर्चचे काम त्याच्याकडे होते आणि लोकांत त्याला मान होता. त्याचे म्हणणे असे, की पिता हाच एकमेव अनादी ईश्वर. पुत्र ही त्याची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती. पण अखेर निर्मितीच. तो नव्हता अशी एक अवस्था होती. हे मत त्याने पद्यात गुंफले. ती गाणी खलाशी, गिरणीवाले आणि वाटसरू गुणगुणत असत असे जुने इतिहासकार सांगतात. एरियसला पुढे ख्रिस्ती परंपरेने खलनायक करून टाकले, पण तो देवाचे एकपण सांभाळू पाहणारा प्रामाणिक माणूस होता असेच मला वाटते.

त्याच शहरात बिशप अलेक्झांडरचा चिटणीस म्हणून एक तरुण डीकन काम करीत होता. अथनेशियसचा जन्म इ.स. २९६ ते २९८ च्या दरम्यानचा. समुद्रकिनाऱ्यावर बाप्तिस्म्याचा खेळ खेळणाऱ्या पोरांत बिशप झालेला मुलगा अलेक्झांडरच्या नजरेत भरला आणि त्याने त्याला आपल्या हाताखाली घेतले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्याच्या बालपणाचा दुसरा एक तपशील मात्र निश्चित आहे. इ.स. ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला आणि इजिप्तमध्ये तो वर्षानुवर्षे चालला. ख्रिस्ताला देव म्हणण्यासाठी माणसे मरताना या मुलाने वाढत्या वयात पाहिली.

एरियसला त्याने दिलेले उत्तर ग्रंथाच्या पानांतून मोठे वाटते, पण गाभा साधा आहे. ख्रिस्त जर निर्मिलेला असेल तर त्याची पूजा ही निर्मिलेल्या वस्तूची पूजा झाली. मग आपण मूर्तिपूजकांना कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? आणि जो स्वतःच निर्मिलेला, तो इतरांना मरणातून कसा सोडवणार? एका छोट्या ग्रंथात त्याने दाखला दिला आहे तो चित्राचा. लाकडी फळीवरचे चित्र डाग पडून पुसट झाले म्हणून फळी कोणी फेकून देत नाही. ज्याचे ते चित्र, त्यालाच पुन्हा समोर बसवून त्याच फळीवर ते नव्याने काढतात. माणूस ही देवाची बिघडलेली प्रतिमा. ती दुरुस्त करायला मूळ पुरुषालाच यावे लागले. दुसरा कोणी पाठवून भागले नसते.

कॉन्स्टन्टाईनला या वादाची कटकट वाटत होती. इतक्या क्षुल्लक मुद्द्यावरून भांडू नका, असे त्याने दोन्ही पक्षांना कळवून पाहिले. ते साधले नाही तेव्हा ३२५ च्या उन्हाळ्यात त्याने नायसियाच्या राजवाड्यात बिशपांना बोलावले. प्रवासाला सरकारी वाहने, मुक्कामाचा खर्च सरकारी. हे गाव म्हणजे तुर्कस्तानातले आजचे इझनिक, प्लिनीच्याच त्या बिथिनिया प्रांतातले. अडीचशे ते तीनशे बिशप आले. काहींच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. इजिप्तच्या पॅफ्नुशियसचा एक डोळा गेलेला होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या सरकारने डोळे काढले त्याच सरकारचा पाहुणचार ते आता घेत होते. अथनेशियस तिथे होता, पण नुसता डीकन म्हणून; सभेतील त्याचा वाटा पुढे भक्तांनी बराच फुगवला.

श्रद्धेच्या कबुलीत एरियसला वाकवता येणार नाही असा शब्द हवा होता. प्रत्येक धर्मवचनाचा तो आपल्या सोयीचा अर्थ लावू शके. शेवटी बायबलमध्ये कुठेही नसलेला एक ग्रीक शब्द घातला गेला: होमोऊसिओस. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. एरियस आणि लिबियाचे दोन बिशप यांनी सही नाकारली. त्यांना हद्दपारी मिळाली. बाकीच्यांनी सह्या केल्या. मी हयात बँकेत काढली. दस्तऐवजावर सगळ्यांच्या सह्या झाल्या म्हणजे सगळ्यांना तो मान्य आहे असे नव्हे, हे तिथे लवकर कळते. नायसियात तेच झाले. अनेकांना तो शब्द बायबलबाहेरचा म्हणून खुपत होता, काहींना त्यात पिता-पुत्रांतील भेदच पुसला जाईल अशी भीती होती. दोन-तीन वर्षांत वारे फिरले, हद्दपार झालेले परतू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी, ३२८ च्या जूनमध्ये, अथनेशियस अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. वय तिशीच्या आसपास.

तो संत म्हणून पूजला जातो, पण सोबतीला सोपा माणूस नव्हता. छळाच्या काळात ढळलेल्यांना किती सहज परत घ्यावे, यावरून इजिप्तमध्ये मेलेतिअसचा पंथ फुटून निघाला होता. त्या पंथातल्या एकाने लिहिलेले पपायरसवरचे पत्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. बिशपच्या समर्थकांनी केलेल्या मारहाणीची तक्रार त्यात आहे. शत्रूंनी मात्र त्याहून पुढची मजल मारली. आर्सेनियस नावाच्या बिशपला त्याने मारले आणि जादूटोण्यासाठी त्याचा हात तोडला, असा आरोप टायरच्या सभेत, ३३५ साली, त्याच्यावर ठेवला गेला. अथनेशियसने एक पांघरलेला माणूस सभेत आणला. चेहरा उघडला, तो आर्सेनियस. मग पांघरूण सरकवून एक हात दाखवला, दुसराही दाखवला आणि तिसरा हात कुठे तोडला ते आरोप करणाऱ्यांनीच सांगावे असे सुचवले, अशी कथा आहे. तरीही सभेने त्याला दोषी ठरवलेच. तेव्हा तो गुपचूप होडीत बसून राजधानीला गेला आणि सम्राटाच्या घोड्यापुढे उभा राहिला.

सम्राट बधलाही असता. पण विरोधकांनी नवा आरोप पुढे केला: अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारे धान्य अडवण्याची धमकी या बिशपने दिली. राजधानीचे पोट त्या धान्यावर चालत होते. धर्माचा मुद्दा बाजूला राहिला आणि अथनेशियसची रवानगी आजच्या जर्मनीतील ट्रिअर येथे झाली. आमच्या नोकरीत बदली म्हटली की घरदार हवालदिल होई. या माणसाने पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत पाच हद्दपाऱ्या भोगल्या आणि सतरा वर्षे आपल्या शहराबाहेर काढली.

इकडे ३३६ मध्ये एरियसला पुन्हा चर्चमध्ये घेण्याची तयारी झाली, आणि आदल्याच दिवशी राजधानीत तो अचानक मरण पावला. पुढच्या वर्षी कॉन्स्टन्टाईन गेला. मरताना त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही एरियसचा जुना मित्र असलेल्या निकोमीडियाच्या युसेबिअसकडून. नायसियाची सभा भरवणाऱ्या सम्राटाचा शेवट असा झाला. दुसऱ्या हद्दपारीत अथनेशियस रोमला गेला. ३४६ साली परतला तेव्हा शहर त्याच्या स्वागताला लोटले.

पण कॉन्स्टन्टाईनचा मुलगा कॉन्स्टन्टियस एकछत्री सम्राट झाला आणि त्याला नायसियाचा शब्द नको होता. ८ फेब्रुवारी ३५६ च्या रात्री थिओनास चर्चमध्ये जागरण चालू असताना सैनिकांनी वेढा दिला. अथनेशियस आसनावरून उठला नाही. त्याने डीकनला स्तोत्र वाचायला सांगितले, लोकांना पालुपद म्हणायला सांगितले आणि मग घरी जायला. दारे फुटली, बाण सुटले, चेंगराचेंगरीत माणसे मेली. लोक बाहेर पडेपर्यंत हलणार नाही म्हणणाऱ्या बिशपला संन्याशांनी अक्षरशः ओढून बाहेर काढले. पुढली सहा वर्षे तो वाळवंटातल्या मठांत लपला होता. संन्याशांनी त्याचा ठावठिकाणा सांगितला नाही. तिथे बसून त्याने लिहिले ते ग्रंथ हातोहात फिरत. वाळवंटातील तपस्वी अँथनीचे त्याने लिहिलेले चरित्र तर युरोपभर वाचले गेले.

कॉन्स्टन्टियस ३६१ मध्ये वारला. जुन्या ग्रीक-रोमन देवतांचा उपासक ज्युलियन गादीवर आला आणि त्याने सगळ्याच हद्दपार बिशपांना परत येऊ दिले. ते आपसात भांडून संपतील असा त्याचा होरा असावा. अथनेशियसने या वेळी मात्र वेगळेच केले. काही जण होमोऊसिओसऐवजी होमोइऊसिओस म्हणत: एकतत्त्व नव्हे, सदृश तत्त्व. ग्रीकमध्ये फरक एका आयोटाचा, आपल्याकडच्या वेलांटीएवढ्या अक्षराचा. त्यावरून पुढे जगाने या वादाची थट्टा केली. पण हे लोक एरियसच्या बाजूचे नाहीत, शब्दाला बिचकणारे आपलेच बांधव आहेत, हे त्याने ओळखले होते. ३६२ साली अलेक्झांड्रियात त्याने छोटी सभा घेतली. वेगवेगळे शब्द वापरणाऱ्यांना त्यांचा अर्थ काय ते विचारले. दोघांनी सांगितलेला अर्थ एकच निघाला, तेव्हा शब्दांचा आग्रह सोडून दिला. एका शब्दासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने हे करावे, याचे मला नायसियाहून अधिक मोल वाटते.

ज्युलियनला ही एकी परवडणारी नव्हती. त्यातच या बिशपने प्रतिष्ठित ग्रीक स्त्रियांना बाप्तिस्मा दिला म्हणून तो खवळला. चौथी हद्दपारी. नाईल नदीत मागे सरकारी नाव लागली तेव्हा अथनेशियसने आपली होडी वळवून सरळ तिच्याच दिशेने नेली. अथनेशियस कुठे दिसला का, असे शिपायांनी विचारले. तो जवळच आहे, लवकर जा, असे होडीतून उत्तर मिळाले आणि शिपाई पुढे गेले, असे सांगतात. पाचव्या खेपेला, सम्राट व्हॅलेन्सच्या काळात, तो वडिलांच्या थडग्यात लपून राहिला. शहरात गडबड होऊ लागली तेव्हा व्हॅलेन्सने त्याला ३६६ साली मुकाट्याने परत बोलावले.

मग मात्र सात वर्षे स्वस्थतेची मिळाली. ३६७ च्या ईस्टरच्या पत्रात त्याने नव्या करारात कोणती पुस्तके मानावीत याची यादी दिली. आजची सत्तावीस पुस्तके, ना एक कमी ना एक जास्त, अशी ही सर्वांत जुनी ज्ञात यादी आहे. २ मे ३७३ रोजी तो आपल्याच शहरात वारला. त्याने नेमलेल्या वारसदाराला, पीटरला, थोड्याच दिवसांत रोमला पळावे लागले. व्हॅलेन्स ३७८ मध्ये लढाईत पडला आणि ३८१ साली कॉन्स्टन्टिनोपलच्या सभेने नायसियाची कबुली कायम केली. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून आणि गोव्यात कोकणीतून रविवारी जी कबुली म्हटली जाते, ती त्या ३८१ च्या रूपातली.

पुढे ४५१ मध्ये ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या आणखी एका शब्दप्रयोगावरून इजिप्तचे कॉप्टिक चर्च आणि रोम वेगळे झाले, ते दीड हजार वर्षे. मे १९७३ मध्ये, अथनेशियसच्या सोळाशेव्या पुण्यतिथीला, कॉप्टिक पोप शेनूडा तिसरे रोमला गेले. पोप पॉल सहावे आणि त्यांनी ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेच्या निवेदनावर सह्या केल्या. परतताना शेनूडांबरोबर अथनेशियसच्या अस्थींचा एक अंश होता. तो आज कैरोच्या सेंट मार्क कॅथेड्रलमध्ये आहे.