बीथोव्हेनचा बहिरेपणा आणि आपले कान
जर्मन संगीतकार लुडविग व्हान बीथोव्हेन यांचा जन्म १७७० मध्ये बॉन शहरात झाला. तिशी गाठण्याआधीच त्यांच्या कानांत सतत गुणगुण होऊ लागली आणि वाद्यांचे उंच स्वर ऐकू येईनासे झाले. संगीतकाराला ऐकू येत नाही हे लोकांना कळेल या भीतीने ते माणसांत जाणे टाळू लागले. कानात बदामाचे तेल घालण्यासारखे उपाय झाले, पण गुण आला नाही. १८१८ पासून भेटायला येणारे त्यांच्याशी वहीत लिहून बोलत. १८२४ मध्ये व्हिएन्नात नववी सिंफनी सादर झाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाटही त्यांना ऐकू आला नाही. १८२७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहिरेपणाचे नेमके कारण आजही निश्चित नाही. मोठ्या आवाजामुळे येणारा बहिरेपणा मात्र टाळता येतो. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा, मधूनमधून कानांना विश्रांती द्या आणि कार्यक्रमात स्पीकरपासून दूर बसा. कानात गुणगुण राहत असेल तर ती लपवू नका, घरगुती तेल घालू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या.