पडद्यावरचा डोंगर खरा करणारा माणूस

ब्लेंडरमध्ये डोंगर उभा केलाय, टेक्स्चर झकास आहे, तरी रेंडर खेळण्यासारखं का दिसतं? बहुतेक वेळा घोळ प्रकाशाचा असतो. नाहीतर मापाचा. भंडारदऱ्याहून कळसूबाईची रांग बघा: लांबचा डोंगर फिका, निळसर, त्याच्या सावल्याही मऊ. ती हवा सीनमध्ये नसेल, तर १६४६ मीटरचं शिखर ढेकळाएवढं वाटतं.

हे गणित कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना शंभर वर्षांपूर्वी सोडवावं लागलं, तेही कॉम्प्युटरशिवाय. जन्म ३ जून १८९०, आडनाव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. जंगल, महाल, रस्ता, सगळं कापडावर. दोघांना सिनेमाचं वेड लागलं आणि कॅमेरा स्वतःच बनवायचं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की लोक हादरले.

आता खरी गंमत. रंगवलेल्या पडद्यावर सावलीसुद्धा रंगवलेलीच असते. नट जवळ गेला की त्याची सावली थेट ‘डोंगरावर’ पडते, आणि डोंगराचं कापड होतं! शिवाय तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा यायचा, निळा फिका पडायचा. म्हणजे रंगाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. बाबूरावांनी ज्या कामावर नाव कमावलं, तेच बाजूला ठेवलं आणि खोली असलेले भरीव सेट उभे केले. माझ्या मते कॅमेरा बनवण्यापेक्षा हे अवघड होतं.

पण उन्हात शूटिंग करायचं, तर रात्र कुठून आणायची? १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये तानाजीची चढाई रात्रीचीच. तिथे त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. प्रकाश कुठून येणार, हे आता सूर्य ठरवत नव्हता.

१९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. शांताराम, दामले, फत्तेलाल त्यांच्याच कंपनीत तयार झाले, आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूरावांनी पुढे मोजकेच बोलपट केले. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.