वाल्डेमार हाफकिन : लस बनवणारा आणि एका बाटलीपायी बदनाम झालेला शास्त्रज्ञ

पेण किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यात लस टोचून घेताना नर्स कुपीवरचा बॅच क्रमांक नोंदवून घेते, हे तुम्ही पाहिले असेल. त्या क्रमांकाचे महत्त्व वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यातून चांगले समजते.

हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात कामासाठी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढेच. मटणाच्या रश्शावर चक्क तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि मग उष्णता देऊन मारले. हीच लस. 10 जानेवारी 1897 रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले.

इथे थोडे वैद्यकशास्त्र लक्षात घ्या. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत राहतात आणि साध्या धुण्याने मरत नाहीत. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता तसाच वापरला गेला. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. जंतू आत आधीपासून वाढत असते तर ती आली असती. इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षे लागली, हे मला आजही खटकते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

1925 मध्ये त्याच प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले गेले. तेव्हा कुलाबा म्हटला जाणारा आपला जिल्हाही याच मुंबई इलाख्यात होता. पुढे इथे सर्पदंशावरचे प्रतिविषही बनू लागले, ज्याची गरज कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. हाफकिन 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले.