कॅलरीचा हिशेब मांडणारा माणूस : डॉ. पां. वा. सुखात्मे

हा लेख एका थोर संख्याशास्त्रज्ञावर आहे, पण सुरुवात मेसमधून करावी लागेल, कारण विषय तिथेच निघाला.

मागच्या वर्षी आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरचा एक ज्युनियर आला. पोरगा शाळेपासून स्पीड स्केटिंग करतो. बर्फावरचं नव्हे, चाकांच्या इनलाइन स्केट्सवरचं. आपल्या बुलडाण्याच्या उन्हात बर्फ फक्त रसवंतीत सापडतो. सकाळी साडेपाचला रस्ता मोकळा असताना हा गडी अर्धा तास सुसाट पळायचा आणि आल्यावर घड्याळ बघून जाहीर करायचा, की आज ४०० कॅलरी जळाल्या. वजन उतरवून वेग वाढवायचं भूत डोक्यात होतं. त्यामुळे घड्याळ जेवढं सांगेल तेवढंच ताटात. दिवाळीच्या आधी एके सकाळी तो जिन्यातच चक्कर येऊन बसला. साखर-पाणी दिलं, रूमवर नेऊन झोपवलं. घड्याळ तर व्यवस्थित चालत होतं. मग चुकलं काय?

असा आकडा काढायची सोपी रीत आहे. माणूस निवांत बसलेला असताना किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी खर्च करतो असं धरतात, त्याला १ मेट म्हणतात. (आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी.) १९९३ साली अमेरिकेत निरनिराळ्या हालचालींच्या मेटची एक मोठी यादी छापली गेली. तिच्या २०११ च्या आवृत्तीत स्पर्धेच्या स्पीड स्केटिंगपुढे १३.३ हा आकडा आहे. आमचा गडी ६० किलोचा. १३.३ गुणिले ६० गुणिले अर्धा तास, झाले ३९९. म्हणजे त्याचे ४०० बरोबर!

आता गंमत बघा. १ मेट म्हणजे नक्की किती, हे २००५ साली ७६९ माणसांवर तपासलं, तर सरासरी ०.८४ किलोकॅलरीच निघाली. त्या हिशेबाने ४०० चे ३३५ होतात. वर स्केटिंगमध्ये हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. कुणाच्या पाठीमागे लागून पळालं तर खर्च कमी. रस्ता खडबडीत असला तर जास्त. नवशिका त्याच वेगाला जाणकारापेक्षा जास्त जाळतो. मग ते ४०० कुणाचे? ते एका सरासरी माणसाचे, आणि तो सरासरी माणूस आपल्या होस्टेलवर राहत नाही.

या सरासरी माणसाशी ज्यांनी आयुष्यभर झगडा केला ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. स्केटिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण माणूस किती ऊर्जा खर्च करतो आणि त्याचा अंदाज किती धरून चालावा, हा प्रश्न त्यांनी जेवढा लावून धरला तेवढा आपल्याकडे क्वचितच कुणी धरला असेल.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. (योगायोग असा, की श्वासातून बाहेर पडणारी हवा पाठीवरच्या पिशवीत गोळा करून माणसाचा ऊर्जाखर्च मोजायची डग्लस यांची पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. १ लिटर प्राणवायू खर्च झाला की साधारण ५ किलोकॅलरी जळल्या असा तो हिशेब, आजही तोच चालतो.) पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. त्या काळी तिथे फिशर होते आणि नेमनही होते. आपल्या पेपरात जी एफ-टेस्ट येते, तिचा एफ हा याच फिशरचा. फिशर आणि नेमन यांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. सुखात्म्यांनी दोघांकडून घ्यायचं ते घेतलं. १९३६ मध्ये पीएच.डी., १९३९ मध्ये डी.एससी.

परत आल्यावर पंडित मदनमोहन मालवीयांशी त्यांची भेट झाली, आणि या सगळ्या गणिताचा देशातल्या गरिबाला उपयोग काय असं मालवीयांनी विचारलं, असं सांगतात. मुलाखतीत असा प्रश्न आला तर आपण काय करू? घशाला कोरड! सुखात्म्यांनी मात्र उत्तर द्यायला पुढची पन्नासेक वर्षं घेतली.

१९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत गेले. इथे आपल्या भागातल्या पोरांनी जरा लक्ष द्या, कारण पीक कापणी प्रयोग हा शब्द तुमच्या घरी ऐकलेला असणार. विम्याचे पैसे मिळणार की नाही हे त्यावर ठरतं. तेव्हा पिकाचा अंदाज म्हणजे पटवाऱ्याने बांधावर उभं राहून नजरेने ठरवलेली आणेवारी. सुखात्म्यांनी घडी बसवली ती अशी : शेत आणि शेतातला तुकडा चिठ्ठी उचलल्यासारखा निवडायचा, आखायचा, कापायचा, मळायचा आणि वजन करायचं. निवडीत कुणाची मर्जी नाही.

तुकडा किती मोठा घ्यायचा यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. ते बंगालात लहान लहान तुकडे घ्यायचे. सुखात्म्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे. कापणारा माणूस रेषेवरचं झाड बहुतेक आतच धरतो. तुकडा लहान तेवढी क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. मला हा मुद्दा फार आवडतो. आपला स्केटरही एक मिनिट जीव तोडून पळतो, त्या मिनिटावरून तासाचा हिशेब मांडतो आणि फसतो.

पुढे १९५४ मध्ये व्ही. जी. पानसे यांच्यासोबतचं त्यांचं शेतीतल्या संख्याशास्त्राचं पुस्तक आलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारा कुणी मित्र असेल तर त्याला पानसे-सुखात्मे म्हणून बघा, लगेच ओळखेल.

१९५० नंतरच्या दशकात ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. तिथे जवळपास वीस वर्षं राहिले. तेव्हा जगात दोन-तृतीयांश माणसं उपाशी झोपतात असा एक आकडा फिरत होता. मांडला होता याच संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर यांनी. सुखात्म्यांनी तो तपासायला घेतला. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला हिशेब मांडला : पोटाला कमी पडणारे १० ते १५ टक्के, आणि कुपोषणही धरलं तर जगातली निम्म्यापर्यंत लोकसंख्या. भुकेचा आकडा कमी करून सांगणं हे काही टाळ्या मिळवायचं काम नव्हे. पण पुढे याच सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषण दिलं.

खरा सामना मात्र पुण्यात झाला. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च जो करू शकत नाही तो गरीब. या मापाने १९६०-६१ मध्ये खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक गरीब निघाले. सुखात्मे रोमहून पुण्याला परतले होते. त्यांनी हरकत घेतली. दांडेकरही साताऱ्याचे आणि तेही मुळात संख्याशास्त्राचेच, त्यामुळे वाद चांगलाच तासला गेला.

सुखात्म्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. समजा सरांनी जाहीर केलं, की वर्गाची सरासरी हीच पासिंगची रेषा. अर्धा वर्ग गेलाच की! २२५० ही सरासरी गरज आहे. धडधाकट माणसांतही निम्म्यांची गरज तिच्याखालीच असणार. शिवाय एकाच माणसाचा खर्चही रोज बदलतो. ब्रिटिश सैन्यातल्या नव्या जवानांचं खाणं आणि खर्च आठवड्यांमागून आठवडे मोजल्याची आकडेवारी त्यांनी वापरली. आजचं खाणं आणि आजचा खर्च यांचा मेळ बसत नव्हता, आणि आज-उद्याचे आकडे एकमेकांना धरून हलत होते. यावरून अमेरिकेतल्या शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी मांडणी केली, की शरीर एका पट्ट्यात स्वतःचा ताळेबंद स्वतः सांभाळतं. म्हणून उपाशी कोण हे ठरवायची रेषा सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलनांवर हवी. विचलन १५ टक्के धरलं तर २२५० ची रेषा १५७५ वर येते, आणि उपाशी माणसांचा आकडा धाडकन उतरतो.

एका वजाबाकीने कोट्यवधी लोक यादीबाहेर! इथे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. सरासरी म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे, हे सुखात्म्यांचं बरोबरच होतं. पण पोटभर जेवणाऱ्या जवानावरून रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईचा निकाल लावता येईल का? सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी नेमकं हेच विचारलं. कमी खाऊन शरीर जमवून घेतं खरं, पण ते वजन कमी करून, काम कमी करून, पोराची उंची खुंटवून जमवून घेत असेल तर त्याला जमवणं म्हणायचं का? आमचा ज्युनियरही चक्कर येईपर्यंत जमवूनच घेत होता. नियोजन आयोगानेही १९७९ मध्ये सरासरीवरच आधारलेली, खेड्यात २४०० आणि शहरात २१०० कॅलरींची रेषा धरली.

सुखात्म्यांना निर्दयी मात्र म्हणता येणार नाही. नुसतं धान्य वाढवून भागणार नाही, पाणी घाण असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाबात वाहून जातं, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. त्या आधी प्रथिनांची टंचाई आहे म्हणून सगळं जग महागड्या पावडरींच्या मागे लागलं, तेव्हाही त्यांनी दाखवलं, की पोटभर नेहमीचं जेवण मिळालं तर प्रथिनं बहुतेक त्यातच मिळून जातात. पोटच भरत नसेल तर शरीर प्रथिनंही जाळून टाकतं. जिमवाल्या मित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२८ जानेवारी १९९७ ला त्यांचं निधन झालं. गरिबीची रेषा कुठे मारायची यावर तज्ज्ञांची भांडणं त्यानंतरही चालूच राहिली.

आमच्या ज्युनियरला ही सगळी कथा मी मेसच्या टेबलावर सांगितली. स्केटिंग त्याने सोडलं नाही, सोडूही नये. आता तो भाकरी-वरण पोटभर खातो. एका वहीत रोज काय खाल्लं, किती वेळ पळाला आणि सकाळी वजन किती भरलं हे लिहितो. एका दिवसाच्या आकड्याकडे बघायचं नाही, तीन आठवड्यांचा एकत्र आलेख काढायचा, असं आमचं ठरलंय. पहिल्या आठवड्यात वजन रोज अर्धा-पाऊण किलो वर-खाली होत होतं. तिसरा आठवडा परवा संपतो.